गाडीवानाला सांगायचं नाही ते

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती धडधडबाई — तीही सव्वानऊला! वेळ दहाची. दार उघडते तर ही पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी. "लवकर आले का हो?" म्हटलं, माझं दूध तापायचंय अजून, पण बसा. मग जागरे आले, डोळ्यांखाली काळं. दुपारी मशीनवाली. आणि शेवटी गाडीवान. बेल एका दिवसात चारदा वाजली! हे गेल्यापासून आमच्या दाराची बेल वाजवतो तो एक गॅसवाला.

नावं मी ठेवलीत. खरी नावं नात सांगत नाही. माझ्या लेकीची लेक ती, मनाची दुखणी बरी करते. डॉक्टर नाही — "आजी, मी गोळ्या देत नाही, कितीदा सांगू?" तिच्या दवाखान्याचं छत गळायला लागलंय. दुरुस्तीला सहा आठवडे, तोवर माझी पुढची खोली. मी म्हटलं सहा महिने घे! पॅसेजमध्ये बाक टाकलाय, लोक तिथे बसतात.

मला नियम दोन. आतलं ऐकायचं नाही. कळलंच काही तर बाहेर बोलायचं नाही. "मग मी करू काय?" "दार उघड आणि हस." ते जमतं मला.

पण बाकावरची माणसं आपणहून बोलतात, त्याला मी काय करणार? आणि ऐकलेलं पोटात राहत नाही. म्हणून इथे. हे कागदही तिचेच, वाकडे छापलेले, ती फेकणार होती. एका बाजूला रकाने — काय झालं, मनात काय आलं, पुरावा काय. कोऱ्या बाजूला मी. दोऱ्याने शिवले. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण!

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोणाची वेळ नाही. तरी एकदा बेल वाजली. चुकून आलेला माणूस, वरच्या मजल्यावर जायचं होतं त्याला. पाणी दिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. नात धडधडबाईला घेऊन जिन्यात गेली आणि म्हणाली, पळा! वर-खाली, वर-खाली. बाई बँकेत मोठ्या जागेवर, आणि पदर खोचून जिन्यात पळतेय. घामाघूम. "धडधडतंय!" — "छान. अजून एकदा." मी पाण्याचा पेला घेऊन धावले तर नात म्हणते, "आजी, पाणी नको." अगं, मरेल ती! "तेच तर त्यांना वाटतं." छाती धडधडली की आपण मेलोच, असं त्या बाईच्या डोक्यात बसलंय. म्हणून मुद्दाम धडधडवायची, आणि मेलो नाही हे बघायचं. परत परत. पाणी दिलं की तिला वाटणार, पाण्याने वाचले.

मी पेला स्वतःच प्यायले.

जागऱ्यांचं तर उलटंच. झोप येत नाही म्हणून आलेला माणूस, त्याला सांगते — रात्री एकच्या आधी गादीला पाठ लावायची नाही! आणि सहाला उठायचं, झोप झालेली असो नसो. दिवसा डुलकी बंद. ते मला म्हणाले, "आजी, तुमची नात माणूस मारायचं शिकलीय कुठे?" गादीवर पडून छताकडे बघायची सवय लागलीय म्हणे. गादी म्हणजे झोप, एवढंच अंगाला शिकवायचं.

मशीनवाली कपडे शिवायची. तीन महिन्यांत सुईत दोरा घातला नाही. सारखं पडून. तिला काय सांगितलं, तर दिवसातून दहा मिनिटं मशीनपुढे बसा. शिवू नका हवं तर. नुसता दोरा ओवा आणि कागदावर लिहा. म्हटलं, इच्छाच नाही तर ती करेल कशी? नात म्हणाली, "इच्छेची वाट बघत बसलं की ती येत नाही, आजी. आधी करायचं, ती मागून येते." हे मात्र मला पटलं. सकाळी माझे गुडघे असेच आहेत.

या सगळ्याला सीबीटी म्हणतात. मला आधी तो बसचा नंबर वाटला.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडीवान. आज त्याचं कळलं, त्यानेच सांगितलं.

शाळेची बस चालवतो. सतरा वर्षं, साधा ओरखडा नाही. पाच महिन्यांपूर्वी एका वळणावर चाक दणकलं. खड्डा होता. पण मनात आलं, कोणी चाकाखाली आलं असेल तर? वळला, पाहिलं. काही नाही. पुढे गेला. नीट पाहिलं का आपण? पुन्हा वळला. त्या दिवशी मुलं अर्धा तास उशिरा पोचली. मग रोजच. प्रत्येक खड्डा म्हणजे माणूस! शेवटी एक दिवस स्वतःच किल्ल्या ऑफिसात टेबलावर ठेवून आला.

शाळेने सांगितलंय, दहा मार्चला कामावर या, नाहीतर आम्ही कायमचा दुसरा माणूस घेऊ. "दुसरं काही येत नाही हो मला, आजी. आणि आवडतही नाही."

नातीने त्याच्यासाठी पायऱ्या मांडल्यात. आधी उभ्या गाडीत बसायचं. मग आवारात चक्कर. मग रस्ता, मग गतिरोधक, मग शाळेसमोरून. प्रत्येक पायरीला भीतीचा आकडा लिहायचा, शंभरपैकी. नियम एकच — वळायचं नाही. आज मेहुण्याची छोटी गाडी घेऊन पहिल्यांदा आमच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून आला. वर आला तो पांढराफटक. बाकावर बसेना.

"आजी, तुम्ही खिडकीत होतात का? काही आवाज आला? कोणी ओरडलं?"

होते ना मी खिडकीत. म्हटलं, "अरे, कोणी नाही. एक मांजर होतं, तेही भिंतीवर बसलेलं. सगळं ठीक आहे, बाळा."

काय सांगू! चेहऱ्यावरून हात फिरवावा तसा उजळला. नातीला तासभर लागतो, मी एका वाक्यात केलं! तिला सांगितलं नाही. ती हिरमुसेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीवान वेळेआधी वीस मिनिटं आला. आल्या आल्या तेच. आज मी खिडकीत नव्हते, भाजी निवडत होते. म्हटलं थांब. चपला घातल्या, दोन मजले उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, बघून आले. स्वच्छ! वर येऊन सांगितलं. त्याने माझे हात धरले दोन्ही.

गुडघा दुखतोय. पण आनंदाचा दुखतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरचा फोन नंबर मागितला त्याने. दिला. सराव रोज करायचा असतो, आणि नात इथे असते दोनच दिवस. मी तर रोज असते!

जागरे सलग पाच तास झोपले. बाकावर बसून ते सांगताना लाजत होते, परीक्षेत पास झाल्यासारखे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन अकरा वेळा. बाजाराजवळचा खड्डा, पेट्रोल पंपासमोरचा खड्डा, शाळेमागची गटाराची उघडी झाकणं. मी म्हणते, "काही नाही रे, झालं असतं तर कळलं नसतं का?" तो म्हणतो, "बरं." ठेवतो. पंधरा मिनिटांनी परत.

एवढे फोन मला आयुष्यात आले नव्हते. माझ्या लग्नाच्या वेळी फोनच नव्हता म्हणा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मशीनवालीने उशीचा अभ्रा शिवला. एक बाजू वाकडी. तोच घेऊन आली दाखवायला. तिच्या कागदावर आनंदाला दहापैकी गुण द्यायचे असतात. तीन दिलेत. "गेल्या महिन्यात शून्य होते," म्हणाली, हसली नाही, पण अभ्रा परत घडी करताना कोपऱ्याला कोपरा नीट लावला. मी पाहिलं.

गाडीवानाने आज फोनवर विचारलं, कोपऱ्यावर बघून आलात? मी गेलेच नव्हते. गुडघा. म्हटलं, "आले बघून, स्वच्छ आहे." थाप. पण कोणाचं वाईट झालं त्यात? काहीच नव्हतं तिथे, असणार होतं काय!

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज माझं बिंग फुटलं. मीच फोडलं.

सगळे गेल्यावर नात कागद पसरून बसली होती, पेन चावत. लहानपणची सवय. कोणाचा कागद ते दाखवलं नाही, नुसतं पुटपुटली, "वळत नाहीये एकदाही. मग आकडा उतरत का नाही? दोन आठवडे नव्वदच्या खाली येत नाही!"

मला वाटलं, पोरगी बिचारी काळजीत. म्हटलं, "गाडीवानाचं ना? अगं घाबरू नकोस, त्याला मी सांगते ना रोज!"

"काय सांगतेस?"

सांगितलं. खिडकी, कोपरा, फोन. थोडं फुशारकीनेच सांगितलं, खोटं कशाला लिहू.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "किती फोन?"

"काल चौदा."

"आजी." एवढंच. आणि उठून चहा टाकला. ती चहा टाकते तेव्हा मामला गंभीर असतो, तिला चहा येत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तिचा फोन. म्हणे गाडीवानाला विचारून मगच तुला सांगतेय, त्याने परवानगी दिलीय. तो काय म्हणाला असेल? "आजींना सांगा की, त्या तर मला मदत करतात!"

तर मदत अशी — "तो वळत नाही, कारण त्याच्याऐवजी तू वळतेस. तू कोपऱ्यावर जाऊन आलीस म्हणजे तोच जाऊन आला." तू 'काही नाही' म्हटलंस की भीती पंधरा मिनिटं जाते आणि भूक वाढवून परत येते. उत्तर न मिळता तो थांबला असता, तर ती आपोआप उतरली असती. ते त्याला एकदाही बघायला मिळालं नाही.

म्हटलं, "मग मी काय म्हणू? नाही सांगत म्हणू?"

"म्हण — माहीत नाही. असेलही."

असेलही! घामाने भिजलेला माणूस दारात उभा, मी कोणाला मारलं का विचारतोय, आणि मी म्हणू असेलही? अशी कसली माया!

"आजी, तेरा दिवस उरलेत त्याच्याकडे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. घरातल्यांना सांगायचं असतं पहिल्याच दिवशी. त्याच्या बायकोला सांगितलं. तुला सांगायचं सुचलंच नाही."

फोन ठेवल्यावर आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. असेलही. तोंड असं होतं, जसं औषध घेतल्यावर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आला. दोन दिवस त्याचे फोन वाजत होते, मी उचलले नाहीत, धीर नव्हता. बेल नेहमीसारखी, दोनदा आखूड.

"आजी, कोपऱ्यावर —"

"माहीत नाही."

"नाही, पण तुम्ही खिडकीत —"

"होते. पण माहीत नाही. असेलही."

मी दाराची कडी धरून उभी. मग म्हणाला, "तुम्हीसुद्धा शिकलात का त्यांचं?" वाईट आवाजात म्हणाला. मग गयावया. एकदाच सांगा, शेवटचं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली, घासलेलीच. पाठ करून उभं राहणं किती अवघड असतं! पोरं लहान असताना मार दिलाय मी, ते सोपं होतं.

आत गेला नाही. जिना उतरून गेला. नात म्हणाली, ठीक आहे. पण पेन चावत होती.

३ मार्च, सोमवार

गाडीवान आला नाही. फोनही नाही. चार दिवस. टेलिफोन चालू आहे का म्हणून उचलून पाहिला. चालू आहे.

त्याच्याऐवजी त्याची बायको आली. मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला असते, हात लालबुंद. मला वाटलं भांडायला आलीय. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "त्या चौदा फोनवाल्या आजी तुम्हीच का?"

म्हटलं, मीच. माफ कर बाई.

"माफ कसलं! मला वाटलं, मी बोलायची थांबले आणि हा सुधारला. दिवसाला साठदा सांगायची मी. काही झालं नाही, काही झालं नाही. झोपेतसुद्धा म्हणायची, सासूबाई घाबरल्या. म्हटलं, मेला आता मला विचारत कसा नाही? तर तुमच्याकडे दुकान उघडलेलं!"

आम्ही दोघी एवढ्या हसलो की आतून धडधडबाईने दार उघडून पाहिलं. (ती आता जिना पळत चढून येते, पाणीही मागत नाही.)

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "घरात बसलाय. गाडीला हात लावत नाही. म्हणतो, दहा तारखेला जाऊन नोकरी सोडतो असं लिहून देतो."

मी म्हटलं, "त्याला सांग, आजीने खोटं सांगितलं होतं. वीस तारखेला मी कोपऱ्यावर गेलेच नव्हते. न बघता स्वच्छ म्हटलं."

"हे सांगू?"

"सांग."

६ मार्च, गुरुवार

आला!

दारातच म्हणाला, "म्हणजे तुमच्यावरही भरवसा नाही."

म्हटलं, "नाहीच."

"तो दिवस मग — त्या दिवशी कोणी —"

"माहीत नाही."

तो उभा राहिला तसाच. मीही. आतून नात आली, पण मध्ये पडली नाही, भिंतीला टेकून घड्याळ बघत राहिली. दर पाच मिनिटांनी विचारायची, "आकडा?" पंच्याण्णव. पंच्याण्णव. नव्वद. मग बसला. मी चहा दिला, तो पाण्यासारखा प्यायला. पंच्याहत्तर. चाळीस मिनिटांनी म्हणाला, "साठ." आणि स्वतःच दचकला. "कोणी काही सांगितलं नाही तरी उतरला?"

"कोणी सांगितलं नाही म्हणून," नात म्हणाली.

तिने पेन खिशात ठेवलं. मी पाहिलं.

उरले तीन दिवस. शेवटची पायरी एकदम घ्यायची ठरली — खरी बस, रविवारी, शाळेसमोरून आणि बाजारातून. नात म्हणाली, "आणि आजी, तू बसशील. विचारावंसं वाटेल असं माणूस गाडीत हवंच." मला बक्षीस मिळालं की शिक्षा, कळलं नाही.

९ मार्च, रविवार

शाळेची बस! गुडघे हनुवटीला लागतात एवढ्या बुटक्या सीटा. माझ्यासमोरच्या पाठीवर कोणीतरी खिळ्याने घोडा कोरलाय, पाच पायांचा. पुढे नात, माझ्या शेजारी त्याची बायको. तिने माझा हात धरला, तो इस्त्रीसारखा गरम.

सुरू करायलाच त्याला आठ मिनिटं लागली. मग निघाली. गतिरोधक एक. गतिरोधक दोन. तो मोठ्याने आकडे म्हणत होता. सत्तर. ऐंशी. शाळेच्या फाटकासमोरून गेलो, रविवार म्हणून शुकशुकाट. बायको पुटपुटली, "काही —" आणि स्वतःच्या तोंडावर हात मारला. मला हसू आलं, दाबलं.

बाजारात गर्दी होती. पोरं, सायकली, हातगाड्या. वळण घेतलं आणि दण्ण! डावं मागचं चाक. चांगलंच उडालो आम्ही, माझं डोकं खिडकीला लागलं.

आरशात त्याचे डोळे आले. सरळ माझ्यावर. बायकोची नखं माझ्या मनगटात. मी घोड्याचे पाय मोजत होते. एक, दोन, तीन. वर बघितलं नाही.

बस हळू झाली. अगदी चालीवर आली. नात पाठमोरी, हलली नाही.

मग त्याने एकदा जोरात श्वास सोडला. म्हणाला, "असेलही."

आणि गिअर टाकला. पुढे!

वर चहाला आले सगळे. तो दोन कप प्यायला, बिस्किटं संपवली, त्याच्या बायकोने त्याला तीन टोमणे मारले आणि तिन्हींना तो हसला. निघताना म्हणाला, "शुक्रवारी येतो दोघं. आकडे सांगायला नाही, नुसतं भेटायला." नात त्या दिवशी नसते. माझ्याकडेच येणार आहेत ते!

१० मार्च, सोमवार

पावणेसातला खाली हॉर्न. खिडकीतून पाहिलं — पिवळी बस, मुलांनी भरलेली, कोपऱ्यावरून गेली. वळली नाही.

११ मार्च, मंगळवार

परवाचा तो दणका. डावं मागचं चाक. काय होतं ते? खड्डा असता तर आधी पुढचं चाक दणकायला हवं होतं ना? बाजारात किती पोरं होती. मी तर खालीच बघत होते.

सकाळपासून तीनदा चपला घातल्या, बाजारापर्यंत बघून यावं म्हणून. तीनदा काढल्या. नातीला फोन लावला आणि ती बोलायच्या आत ठेवला.

आकडा ऐंशी.

शुक्रवारी येतायत दोघं, पाच वाजता. त्याला विचारायचं नाही.